जशी दुकानातून आली तशी

तिला सगळे पाना म्हणत. वर्कशॉपमध्ये येणारे ड्रायव्हर, स्पेअर पार्टवाले, शर्यतीचे अधिकारी, अगदी सख्खा भाऊसुद्धा. लहानपणी वडील गाडीखालून हात बाहेर काढायचे आणि त्यांनी मागायच्या आत हवा तो पाना ही त्यांच्या हातात ठेवायची. तेव्हापासून ते नाव चिकटलं. खरं नाव फक्त आई घ्यायची, तेही रागावली की.

मी तिच्या भावाचा सहचालक. म्हणजे रॅलीत ड्रायव्हरच्या शेजारी बसून पुढचं वळण कसं आहे ते ओरडून सांगणारा. आठवडाभर विम्याच्या ऑफिसात खुर्ची झिजवायची आणि शर्यत आली की हेल्मेट घालायचं, असं माझं चाललेलं. त्यामुळं त्या घरात माझं येणं-जाणं बरंच होतं. तरी आता जे सांगतोय त्यातलं अर्धं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते तिनंच पुढं कधीतरी सांगितलं.

त्यांचं वर्कशॉप म्हणजे लांबट पत्र्याची शेड, आणि शेडच्या पोटात मागे दोन खोल्या. खोल्यांना पाठीमागून शेजारच्या कारखान्याची भिंत टेकलेली, त्यामुळं घरातून बाहेर पडायचं तर शेडमधूनच. दूध आणायचं असो की दवाखान्यात जायचं असो, पाना आधी ऑइलच्या डागांवरून, मग उघड्या इंजिनांच्या मधून आणि शेवटी शटरखालून वाकून बाहेर यायची. शटरची किल्ली तिच्या भावाच्या, दादाच्या, कमरेला. चाळिशी आली तरी तिला वेगळी किल्ली असावी असं कुणाच्या मनात आलं नव्हतं, तिच्याही नाही.

दादा वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. वडील अर्धांगानं अंथरुणाला खिळले तेव्हा त्यानं शाळा सोडली आणि शेड अंगावर घेतली. वडिलांचं शेवटपर्यंत केलं, बहिणीचं केलं, आईला काही कमी पडू दिलं नाही. स्वतःचं लग्न लांबवत लांबवत राहूनच गेलं. त्या बदल्यात त्यानं एकच हौस केली, रॅलीची. आणि माणूस चालवायचा झकास. धुळीच्या उतारावर गाडी आडवी घालून वळणातून काढायचा तेव्हा शेजारी बसून मला भीती वाटायची नाही.

आमची गाडी उत्पादन गटातली. हा गट समजायला सोपा आहे. कंपनी जी गाडी सर्वसामान्य गिऱ्हाइकाला विकते, तीच गाडी जवळजवळ जशीच्या तशी पळवायची. जिवाच्या रक्षणासाठी लागेल ते करायचं: आत लोखंडी पिंजरा, खास सीट, जाड पट्टे, आग विझवायचा सिलिंडर. खालून दगड लागू नये म्हणून पत्रा ठोकायचा, स्प्रिंगा आणि शॉकअबसॉर्बर बदलायचे. बाकी इंजिन, गिअरबॉक्स, दारं, काचा, सगळं दुकानातून आलं तसं. प्रत्येक मॉडेलचं एक मान्यतापत्र असतं. कुठला भाग केवढा, किती वजनाचा, ते त्यात फोटोसकट दिलेलं. मग इंजिनाच्या आकारानुसार गटाचे वर्ग पाडलेले. आम्ही लहान इंजिनांच्या वर्गात.

पानाला हा गट मनापासून आवडायचा. वरच्या गटात ज्याची थैली मोठी त्याची गाडी मोठी, असं ती म्हणायची. इथं मात्र सगळ्यांच्या हातात एकच पीठ, भाकरी कोण गोल थापतो तेवढंच बघायचं. नियमात बसेल असं काहीही ती करायची. एका मापाचे दहा पिस्टन तोलून त्यातले सारख्या वजनाचे निवडायची, वायरी अशा बांधायची की हात लावावासा वाटू नये. त्या जिवावर दादा दरवर्षी वर्गात दुसरा यायचा. पहिला यायचा तो पिवळ्या गाडीवाला. दुसरा नंबर माणसाला आतून कुरतडतो. शेवटच्याला निदान आशा सोडून देता येते.

एका हंगामाच्या तोंडावर दादानं एक फ्लायव्हील आणून तिच्या टेबलावर ठेवलं. इंजिनाच्या मागच्या टोकाला बसणारं हे जड चाक. ते हलकं केलं की इंजिन झटकन चढतं, वळणातून बाहेर पडताना गाडी उडी घेते. पानानं ते उचललं आणि उचलताक्षणी तिला कळलं. कुठल्यातरी लांबच्या लेथवर आतून कातून आणलं होतं. वरून दिसायला कंपनीचंच.

"बसव," दादा म्हणाला.

तिनं नाही म्हणून सांगितलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं ती म्हणते. त्यानं फक्त बोलणं सोडलं. शेडमध्ये दोघांनी एकाच गाडीवर दोन बाजूंनी काम करायचं आणि मध्ये चकार शब्द नाही. जेवायला तो उशिरा यायचा, ताटावरून अर्धवट उठायचा. आई दोघांच्या मध्ये बसून कधी याच्या तोंडाकडे, कधी तिच्या तोंडाकडे बघायची. शेवटी आईचंही जेवण तुटलं. एके दुपारी तिनं पानाला खोलीत बोलावून दार लोटून घेतलं.

"ते चाक काय ते मला कळत नाही," आई म्हणाली. "पण त्यानं आयुष्यात तुझ्याकडे कधी काही मागितलंय का? एवढं एक मागतोय."

चाकाचं वजन, मान्यतापत्र, नियम, यातलं काही त्या खोलीत चालणारं नव्हतं. तिथं एकच हिशेब चालायचा, दादानं काय काय केलं त्याचा, आणि त्यात पाना जन्मभर खालच्याच बाजूला. ती बाहेर आली, गिअरबॉक्स उतरवला आणि चाक बसवलं. दादा त्या दिवशी वेळेवर जेवला.

पहिल्याच रॅलीत आम्ही पिवळ्या गाडीला मागे टाकलं. मला गाडी हलकी, चपळ वाटली. वाटलं, पानानं या खेपेला जादूच केली. दोन टप्प्यांच्या मध्ये गाडीची डागडुजी करायला सेवा थांबा असतो, तिथं मी तिला तसं म्हटलंही. ती चाकाचे नट आवळत राहिली.

निकाल लागला आणि पिवळ्या गाडीवाल्यानं हरकत नोंदवली. त्याचं म्हणणं, आमचा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, बदललेला आहे. अशी हरकत आली की गाडी बंद शेडमध्ये नेतात आणि तिथं इंजिन उघडतात. पण अधिकारी पान्याला हात लावत नाहीत. नियमच तसा आहे: ज्या संघाची गाडी, त्याच संघाच्या मेकॅनिकनं खोलायची. तपासनीस फक्त मोजतात. म्हणजे पानानं स्वतःच्या हातानं बंद केलेलं इंजिन तिनं स्वतःच्याच हातानं त्यांच्यापुढं उघडायचं होतं.

आत मुख्य तपासनीस, त्यांचा एक सहकारी, पाना, दादा आणि मी. दार लावलेलं, बाहेर पहारा. दादा आणि मी भिंतीशी बाकावर. मला आपली काळजी नव्हती, मी हरकतवाल्याला मनातल्या मनात शिव्या देत होतो. दादा मात्र मांडीवर मुठी ठेवून पानाच्या हातांकडे बघत होता.

तिनं वरचं झाकण काढलं. तपासनीसांनी मापाचा काटा लावून कॅमशाफ्टची उचल मोजली. बरोबर निघाली. मग म्हणाले, हेड उतरवा. तिनं सिलिंडरवरचा तो जड ठोकळा उतरवला. सिलिंडरचा व्यास मोजला, झडपा मोजल्या. तेही बरोबर. ती मला पुढं म्हणाली की प्रत्येक बोल्ट सुटताना आपण खाली कुठंतरी जातोय असं तिला वाटत होतं. हातभर अंतरावर ते चाक होतं, मध्ये फक्त गिअरबॉक्सचं कवच. आणि तिला दोन्ही हवं होतं. त्यांनी उघडायला सांगावं म्हणजे एकदाचं संपेल, आणि सांगू नये.

तपासनीस सावकाश काम करणारे, मोजकं बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी हात पुसले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि गिअरबॉक्सच्या कवचावर तळवा ठेवून उभे राहिले.

"हरकतीत होतं तेवढं पाहून झालं," ते तिला म्हणाले. "अजून काही उघडायला हवं, असं तुम्हाला वाटतं का?"

मला तो प्रश्न चमत्कारिकच वाटला. पानानं दादाकडे पाहिलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर आईचं ताट आलं, असं ती सांगते.

"नाही," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि हरकत फेटाळली. बाहेर आल्यावर दादानं मला मिठी मारली, मग तिला. ती खांबासारखी उभी होती. मला वाटलं, दमली असेल.

सुटलो असं दादाला वाटलं. पाना मात्र त्या दिवसापासून खरी अडकली. कारण आता दादाला खात्री झाली की तिथं कुणी हात घालत नाही. दोन-तीन आठवड्यांत तो दुसरं मागायला लागला: हेडमधल्या हवेच्या वाटा आतून घासून मोठ्या कर. आता तिनं नाही म्हणावं तर कुठल्या तोंडानं? पहिलं पाप तिच्याच हातचं. आणि सोडून जावं तर कुठं? दुसऱ्या वर्कशॉपमध्ये गेली की चार लोक विचारणार, दादाला का सोडलं? ती पहाटे उठायची, चूल सांभाळायची, शेडमध्ये यायची, शेडमधून परत खोलीत. त्या काळात ती शटरबाहेर किती वेळा पडली असेल, कुणास ठाऊक. मी गेलो की हसायची, चहा द्यायची, गाडीखाली शिरायची.

पुढच्या रॅलीआधी दादा आणि मी रस्ता बघायला गेलो. शर्यतीच्या आधी मार्ग पाहून वळणं टिपून ठेवावी लागतात, त्यात दोन दिवस मोडतात. त्या दोन दिवसांत पानानं गिअरबॉक्स उतरवला, कातलेलं चाक काढलं आणि कंपनीचं मूळ जड चाक बसवलं. आईनं खोलीच्या दारातून पाहिलं. काय करतेस म्हणून तिनं विचारलं नाही, आणि पानानंही सांगितलं नाही.

पहिल्या टप्प्यावर पहिलंच अवघड वळण. मी वळण सांगितलं, दादानं गाडी आत टाकली, पाय दाबला आणि गाडी नेहमीपेक्षा आळसावून उठली. त्याच्या जबड्याची हालचाल मला हेल्मेटमधूनही दिसली. तो नेटानं चालवत राहिला.

सेवा थांब्यावर तो उतरून थेट तिच्यासमोर गेला.

"कधी बदललंस?"

"तुम्ही रस्ता बघायला गेला होतात तेव्हा."

"मला विचारलं नाहीस."

"नाही विचारलं," पाना म्हणाली. "आता ही गाडी कुणीही उघडून बघावी."

दादानं हात उचलला की काय असं मला क्षणभर वाटलं. पण त्यानं पाण्याची बाटली घेतली, तोंडावर पाणी मारलं आणि गाडीत येऊन बसला. काय बदललं, हे मी विचारलं. "काही नाही, वळणं वाच तू," म्हणाला. आम्ही चौथे आलो.

त्याच संध्याकाळी ती मुख्य तपासनीसांना गाठून सगळं सांगून मोकळी झाली. निदान तिला तसं व्हायचं होतं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग सांगितलं की त्या रॅलीचा निकाल अंतिम म्हणून जाहीर झालाय, तो पुन्हा उघडण्याची तरतूद नियमात नाही. मुदत संपली.

"मग माझं काय?" तिनं विचारलं.

"तुम्हाला त्या दिवशी मी विचारलं होतं," ते म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे वळले.

ती परत आली. घरी तर तेच शटर, तेच दोन जीव. दादा हेडच्या वाटांबद्दल पुन्हा बोलला नाही. कातलेलं चाक भंगारात गेलं. दुसऱ्या कुणाकडून इंजिनाचं काम करून घ्यायची त्याची हिंमत नव्हती, गावभर झालं असतं. म्हणून तोही तिच्या हातांत अडकलेला आणि ती त्याच्या घरात. कामापुरतं बोलत, एकमेकांना अवजारं देत त्यांनी आणखी काही हंगाम काढले. कधी तिसरे, कधी पाचवे. मग आमच्या मॉडेलच्या मान्यतेची मुदतच संपली. कंपनीनं ती गाडी बनवणं केव्हाच थांबवलं होतं. नवी घ्यायची उमेद दादात उरली नव्हती. त्यानं हेल्मेट फडताळात ठेवलं आणि शेडमध्ये शाळेच्या व्हॅनची दुरुस्ती घ्यायला लागला.

जवळचं माणूस शर्यतीत असेल तर तपासनीस होता येत नाही, असा नियम आहे. ती अडचण सरली तेव्हा पानानं परीक्षा दिली. जुने तपासनीस निवृत्त झाले होते, कुणी आडवं आलं नाही. आता ती शर्यतीला राखाडी कोट घालून उभी असते. वजनकाट्यापाशी गाड्यांची रांग लागते. पोरं तिला ताई म्हणतात आणि घाबरतात.

हे सगळं तिनं मला तिथंच सांगितलं, रांग थोडी ओसरल्यावर, काट्याच्या कठड्यावर बसून. ऐकून मी विचारलं, आता तरी वेगळी खोली का घेत नाहीस, कमावतेस की.

"आईला जिना चढवत नाही," ती म्हणाली. "आणि दादाला चहासुद्धा करता येत नाही. शर्यतीला निघते तेव्हा विचारतो, कधी येणार. येईपर्यंत शटर उघडं ठेवून बसतो."

ते सुख म्हणायचं की दुःख, तिच्या आवाजावरून मला ओळखता आलं नाही. एक निळी गाडी काट्यावर चढली, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, आणि ती कोट झटकून उठली.