फोटोखालची रिकामी चौकट

शनिवारी सकाळी दहाच्या ठोक्याला हिराजीकाकांच्या नंबरवरून फोन आला, तेव्हा मी सवयीने उचलल्या उचलल्या बोलून मोकळी झाले, "काका, अजून काही झालेलं नाही हां, ओरडू नका, संध्याकाळपर्यंत करते." पलीकडे काका नव्हतेच. काकूंचा आवाज आला. "पोरी, ते गेले गो... पहाटंला, झोपेतच." काकूंना फोनमध्ये नंबर शोधता येत नाही, काका करायचे तसंच त्यांनी बटण दाबून फोनला माझं नाव सांगितलं होतं. मी त्यावर काय बोलले ते आठवत नाही. हातातला चहा ओट्यावर ठेवून निघाले आणि दुपारी परत आले तेव्हा तो तिथेच होता, एवढं आठवतं.

काका माझ्या नात्यातले नव्हते. मी पनवेलला घरी बसून वेबसाइट बनवते. दवाखान्यांच्या, क्लासच्या, मंगल कार्यालयांच्या. काही वर्षांपूर्वी इथल्या एका छोट्या संग्रहालयाने मला काम दिलं. बाजारातल्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या, त्यात मिठागरातली अवजारं, टोपल्या, खाडीकाठच्या गावांचे जुने फोटो, सगळं हौशी मंडळींनी जमवलेलं. त्यांचे कार्यवाह शाळेतून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना सरच म्हणतात. मी अगदी जीव ओतून साइट केली. उघडली की बासरी वाजायची, फोटो एकामागून एक सरकायचे, मागे खाडीवरचा भला मोठा सूर्यास्त. सरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाले, "आता हिराजीला दाखवू. तो मिठागरातल्या घरातला आहे, त्याला बोलवतो." मी म्हटलं, दाखवू की! हिराजीला दिसत नाही, हे सांगायचं सर साफ विसरले.

पांढराशुभ्र शर्ट, हातात काठी, आणि कधीच न वापरलं जाणारं पेन खिशाला. एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारण्यात काकांची उभी नोकरी गेली होती. शेवटच्या वर्षांत काचबिंदूने नजर विझत गेली, पण वेळापत्रक तोंडपाठ, त्यामुळे बराच काळ कुणाला पत्ताही लागला नाही. माइकवर एकदम शुद्ध बोलायचे म्हणे. आमच्याशी मात्र घरचंच बोलणं. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "पयला पंखा बंद कर." पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवायची सोय त्यांच्या फोनवर होती, आणि पंख्याच्या घरघरीत तो आवाज नीट ऐकू येत नसे. मी पंखा बंद केला. त्यांनी साइट उघडली आणि माझी बासरी सुरू झाली... बासरीखाली तो बिचारा वाचणारा आवाज पार बुडाला. "यो कोण वाजवतो? थांबव त्याला." थांबवायचं बटणच मी ठेवलं नव्हतं! कशीबशी बासरी संपली, तर फोन म्हणायला लागला, "फोटो. फोटो. फोटो. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा." काकांनी फोन मांडीवर ठेवला. "येथे म्हंजे कुठं गो? स्टँडवर मी 'येथे गाडी लागली आहे' असं पुकारलं असतं ना, लोकांनी मला धरून हाणला असता."

मला राग आला. साधासुधा नाही, कानशिलं तापली. काठी शोधत काका उठत होते, तेवढ्यात मी सरांना म्हणाले, "एका माणसासाठी सगळं मोडायचं का?" हळू म्हणाले असं मला वाटलं होतं, पण ज्याला दिसत नाही त्याला सगळं ऐकू येतं, हे मला तेव्हा कुठे कळत होतं? काका शांतपणे म्हणाले, "एकासाठी नाय. चल, तुला दाखवतो." दुसऱ्याच दिवशी ते मला रिक्षाने त्यांच्या गावी घेऊन गेले. मिठागर केव्हाच भराव टाकून बुजवलेलं, त्यावर इमारती उभ्या. एका ओसरीवर तीन-चार म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या, आमच्या फोटोंतल्या बायकांच्या लेकीसुना. त्यांच्याजवळच्या साध्या, काच फुटलेल्या फोनवर मी साइट लावली. आम्ही बसलो, बसलो, चहा झाला. सूर्यास्तातला सूर्य अर्धाच आला आणि तिथेच अडकला. "ज्यांचे फोटो, त्यांच्याच फोनवर दिसत नाय," काका म्हणाले, "मग केलीस कोणासाठी?" मी साइट बंद केली आणि फोन परत दिला.

मग सुरू झाले आमचे शनिवार. सकाळी दहाला त्यांचा फोन, अकराला संग्रहालयात मी, काका आणि बंद पंखा. मे महिन्यातसुद्धा बंद हां, घामाच्या धारा लागल्या तरी! बासरी गेली. सूर्यास्त गेला, सर पंधरा दिवस माझ्याशी तुटक बोलत होते. साइट एवढी हलकी झाली की ओसरीवरच्या फोनवर चुटकीसरशी उघडायला लागली. काका मला पुकारायला शिकवत. "पयलं गावाचं नाव, मग फलाट, मग टाइम. निम्मे लोक गावाचं नाव ऐकूनच पळत सुटतात." म्हणून आमच्या साइटवर आता 'येथे' कुठेच नाही, 'मिठागरातली अवजारं पाहा' असं स्वच्छ लिहिलंय. आणि दर दोन-तीन महिन्यांनी ठरलेला प्रश्न, "पोरी, उद्या तू नसलीस तर यो कारभार कोण चालवील?" मी चिडायचे, "मला काय धाड भरलीय?" पण त्यांनी मला एका वहीत सगळं साध्या भाषेत लिहायला लावलं. फोटो कसा चढवायचा, चूक कशी दुरुस्त करायची, काय बिघडलं तर काय करायचं. ती वही संग्रहालयाच्या कपाटात आहे. मी नसले तर काय, याची एवढी तयारी करून घेतली त्या माणसाने. तुम्ही नसलात तर काय, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

खरं भांडण झालं ते फोटोंवरून. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी प्रत्येक फोटोमागे दोन-तीन ओळी लिहून ठेवायच्या असतात; फोन त्या वाचून दाखवतो. मी भराभर लिहीत सुटले होते. एका फोटोला लिहिलं, 'मिठागरात काम करणाऱ्या आनंदी स्त्रिया.' काकांनी तो दोनदा ऐकला.

"आनंदी कशावरून?"

"हसतायत ना काका. सगळ्याजणी. दात दिसतायत."

"सावली कुठं हाय त्यांची?"

मी फोटो मोठा करून पाहिला. "पायाशीच."

"मग दुपार हाय. हसत नाय त्या. मिठावर दुपारचं ऊन पडलं का डोळे बारीक करावे लागतात, तोंड आपोआप फाकतं. बाहेरच्याला वाटतं हसतात." मग जरा वेगळ्याच आवाजात म्हणाले, "कोणाच्या हाताला फडकं बांधलेलं हाय काय बघ."

"आहे. डावीकडून तिसरी. डाव्या हाताला."

"ती माझी आय." काठीवरची त्यांची बोटं घट्ट झाली. "मिठानं हात फाटायचा तिचा. असा फोटो काढलेला हाय, एवढंच ऐकून होतो... कधी मिळाला नाय आमाला. पोरी, तिला हसताना मी फार बघितली नाय. खोटं हसू नको लावू तिला."

मी ते खोडलं. लाजेने मान वर होईना. काकांनी शब्द सांगितले, मी लिहिले. त्यांच्या आईचं नावही त्यात आलं. सरांनाही भरून आलं, आणि या वेळी बासरी नव्हती. त्या दिवशी काकांच्याच सांगण्यावरून मी एक कुलूप बसवलं. शब्द लिहिल्याशिवाय आमच्या साइटवर फोटो चढतच नाही. चौकट रिकामी ठेवली तर लाल अक्षरं येतात, 'या फोटोत काय आहे? जे माहीत आहे तेच लिहा.' वाक्य काकांचं.

यंदा थंडी सरताना उरणच्या बाजूला अजून थोडं मीठ पिकतं असं कळलं, म्हणून मी त्यांना तिकडे घेऊन गेले. ते बांधावर उभे राहिले, काठी काखेत मारली, वाकून मूठभर मीठ उचललं. मी फोन काढला आणि बोलून गेले, "काका, जरा इकडे बघा ना!" जीभ चावली. इतकी वर्षं त्यांच्यासमोर 'बघा' म्हणायचं मी कटाक्षाने टाळत आले होते. काका म्हणाले, "बघतो की! पण तू पयली दिस तरी!" तेव्हाच मी फोटो काढला.

काका गेल्यावर सरांचा निरोप आला, "हिराजीचा तो फोटो साइटवर टाक. 'प्रसन्न मुद्रा' वगैरे लिही." मी फोटो घेतला आणि माझंच कुलूप माझ्यासमोर उभं. 'या फोटोत काय आहे?' तीन आठवडे मी ती रिकामी चौकट उघडत होते आणि बंद करत होते. बाराव्याला गेले तेव्हा काकूंनी फोटो हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला. "हसतात काय गो हे? का ऊन लागलंय?" मग फोटो खाली ठेवून म्हणाल्या, "त्यांची आय तिथंच झिजली. तू त्यांना परत मिठात नेलंस, त्यांना तरास झाला असंल काय... सारखं मनात येतं." नेलं होतं मीच. फोटोत खरंच तेच होतं, बारीक डोळे, फाकलेलं तोंड, अगदी त्या बायकांसारखं. मला ते हसलेले आठवत होते. पण आपल्याला हवं ते आठवायला किती वेळ लागतो? मी त्यांना म्हणाले, "सांगते काकू, नीट बघून सांगते."

गेल्या शनिवारीही सकाळी फोन वाजला नाही. दहा वाजून गेले. मी फोटो मोठा केला आणि काकांनी शिकवलं होतं तेच आधी शोधलं, सावली कुठे आहे. सावली लांब होती, बांधावरून थेट फोटोच्या खालच्या कडेपर्यंत, माझ्याच दिशेने आलेली. म्हणजे ऊन कलतं, आणि त्यांच्या पाठीशी. तोंडावर ऊन नव्हतंच. मी टेबलावर डोकं ठेवून रडले, मग उठून लिहिलं.

अकराला काकूंकडे गेले. काकांचा फोन काकांच्याच उशापाशी तसाच होता. मी साइट उघडली, फोटोवर बोट ठेवलं, आणि काकांच्या फोनमधली ती नेहमीची वाचणारी बाई बोलायला लागली, "हिराजीकाका मिठागराच्या बांधावर उभे आहेत. अंगात पांढरा शर्ट, काठी काखेत, उजव्या मुठीत मीठ. संध्याकाळ आहे, ऊन पाठीमागे आहे. काका हसत आहेत."

काकू उठल्या, भिंतीला धरून बटणापाशी गेल्या आणि पंखा बंद केला.

"आता परत लाव," म्हणाल्या.