पेपर वैष्णवीचा, हाक रेश्माला

परवा सकाळी अकराचा पेपर होता. मी महाडला घरी बसून ऑनलाइन परीक्षांवर नजर ठेवते... म्हणजे स्क्रीनवर बारा चेहरे आणि समोर मी. कुणी मान वळवली की माझ्या कपाळाला आठी. नवरा म्हणतो, तू दूधवाल्याकडेही तशीच बघतेस!

त्यात पोलादपूरकडची एक वैष्णवी होती. (नावं बदललीत, बाकी सगळं खरं.) बी.ए.चा शेवटचा पेपर. आधार कार्डावरचा फोटो जुळला, पण बाई सारखी दाराकडे बघत होती. मी तिची चौकट मोठी केली आणि हेडफोन नीट लावले.

अर्ध्या तासाने दाराबाहेरून हाक आली, "गो रेश्मा, पानी हवाय का?" आणि ही पटकन म्हणाली, "नको!"

झालं... आता ही रेश्मा कोण? म्हटलं, सापडली! वैष्णवीच्या जागी बहीणबिहीण बसवली असणार, चेहरे मिळतातच की. मी पेपर थांबवला. डमी ठरली असती तर पेपर रद्द आणि वर्ष वाया.

"मॅडम, रेश्मा माझं माहेरचं नाव हाय. कुणी आवाज करू नये म्हणून आईलाच दारात बसवलीय." रडायलाच आली होती ती. मी म्हटलं, असं सगळेच सांगतात, कागद दाखवा.

तेवढ्यात आईच कॅमेऱ्यासमोर आली. हातात लेकीच्या फायलीतलं प्रतिज्ञापत्र, महाडच्या कोर्टात केलेलं, दोन्ही नावांची बाई एकच म्हणून... आणि तेही उलटं धरलेलं. वर मलाच दरडावलं, "मी जन्म दिलाय हिला. अजून कसला पुरावा हवाय? तिचा टाइम चाललाय!"

कागद सुलटा करून घेतला. फोटो, शिक्का, सगळं बरोबर होतं. गेलेली सात मिनिटं तिला वाढवून दिली, पण मला फार लाज वाटली. अहो, माझंही नाव लग्नात बदललंय! ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं ते नाव आज माझ्या सगळ्या कागदांवर आहे, आणि मलाच हे सुचू नये?

पेपर संपल्यावर मोबाइलमध्ये माझ्या आईचा जुना व्हॉइस मेसेज शोधला. तिला जाऊन तीन वर्षं झाली... माहेरच्या नावाने आता मला कुणी हाक मारत नाही.

"शालू गो, जेवलीस का?"

पाच वेळा ऐकला. थँक्यू, रेश्माची आई.