मसाल्याचे दोन डबे

भाऊ नववीत नापास झाला तेव्हा शाळेने आईला बोलावून सांगितलं, "दाखला घेऊन जा. आमचा दहावीचा निकाल पूर्ण लागतो, तो बिघडायला नको." बाबांनी त्याच संध्याकाळी शाळेविरुद्ध पत्रक लिहिलं आणि मसुदा माझ्याकडे तपासायला आला. मी त्यात दोन विशेषणं वाढवली. शाळेच्या फाटकावर आम्ही पत्रकं वाटून घरी परतलो, तोवर आई दाखला घेऊनही आली होती.

"पुढल्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी बाहेरून देईल," ती म्हणाली. "तोवर घरी शिकेल. मराठी, इतिहास तू घे. गणिताला खालच्या मजल्यावरचे सर आहेत. उरलेलं मी शिकवते."

"उरलेलं म्हणजे?"

"घर."

आम्ही लालबागच्या चाळीत राहतो. बाबा कंत्राटी कामगारांच्या संघटनेचं काम करतात. मला वाचता येण्याआधी पत्रकाच्या घड्या घालता येत होत्या. महिला दिनाच्या पत्रकावर 'चूल म्हणजे जन्मठेप नव्हे' असा मथळा असायचा. ती पत्रकं आमच्याच पलंगावर मोजली जायची, आणि मोजणाऱ्यांना चहा आई द्यायची. कप बाबांनी कधी विसळला नाही. मीही नाही. मला लढायचं होतं.

तेव्हा सोळा वर्षांचा मुलगा मोरीत उकिडवा बसून बांगडे साफ करतोय हे बघून मी टाळ्या वाजवायला हव्या होत्या. सुरुवातीला वाजवल्याही. गॅलरीतल्या बायका म्हणाल्या, "पोराला सून करून ठेवलंस गो." आई म्हणाली, "सून येईल तेव्हा ती उपाशी राहायला नको." मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते एका लेखात वापरलं.

संशय आला तो गॅसवरून. आईने सिलिंडर बदलायला शिकवलं, साबणाच्या पाण्याने गळती बघायला शिकवलं, तिथवर ठीक. मग तिने बुकिंग भावाच्या मोबाईल नंबरवर वळवलं. मदतीला हात हवा असेल तर कोणी बुकिंग कशाला वळवेल? त्यानंतर मी बारीक लक्ष ठेवायला लागले. पहाटे पाणी येतं तेव्हा ती आता उठत नव्हती, जागी असून पडून राहायची. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या की आणायच्या, हे काम तिने त्याच्याकडे दिलं. एकदा तो डाळीत मीठ घालायला विसरला. आईने ती तशीच वाढली, आणि बाबांनी "मीठ?" म्हटल्यावर भावाकडे बोट दाखवलं. आजवर आमच्या घरात मिठाचा जाब फक्त तिला विचारला जायचा.

मला वाटलं, आई आजारी आहे आणि लपवतेय. ती दुकानात गेली की मी तिचं कपाट बघायचे, पर्स उलटी करायचे. रिपोर्ट नाही, औषध नाही. शेवटी तोंडावर विचारलं.

"तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग हे सगळं चाललंय काय?"

"शिक्षण चाललंय. तुमच्या पत्रकात असतं ना, सर्वांना समान शिक्षण."

मग एका दुपारी ती गॅलरीच्या टोकाला जाऊन फोनवर बोलत होती. घरात आमच्याशी ती चाळीचं मराठी बोलते. मालवणी फक्त माहेरच्या माणसांशी, आणि तेही मोठ्याने. त्या दिवशी आवाज अगदी खाली होता. "व्हय, जूनात येतंय. मसालो घेवनच येतंय."

मी भावाला गाठलं. "आई कुठे चाललीय?"

"मला काय माहीत, ताई. मला आज घडीची पोळी आहे."

मे महिन्यात मसाल्याची वेळ आली. आमच्याकडे वर्षाचा मसाला एकदाच होतो. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरच्या आणून देठं काढायची, गच्चीवर कडक वाळवायच्या, धणे, बडीशेप, दगडफूल वेगवेगळं भाजायचं आणि सगळं गल्लीतल्या डंखावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीवर, न्यायचं. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. आईचं प्रमाण मावशीलाही माहीत नव्हतं. यंदा तिने ते सगळं भावाच्या हातून करवून घेतलं. "दगडफूल एवढंच. जास्त झालं तर कडवट लागतं," ती त्याच्या मुठीतलं थोडं काढून घेत म्हणाली.

डंखावर तिने त्यालाच बसवलं. लोखंडी मुसळं वरखाली आपटत असतात, समोर घरोघरची माणसं नाकाला रुमाल बांधून बसलेली. इथला नियम सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी घराची चावी शेजारी ठेवून गावाला जाईल, पण मसाला डंखावर सोडून चहाला जाणार नाही. मिरची बदलली जाते, एकाचा मसाला दुसऱ्यात जातो, अशी प्रत्येकाची खात्री असते. मीही सोबत बसले. मला मसाल्याची नव्हे, आईची खात्री करून घ्यायची होती.

"खरं सांग, आई तुझ्याशी काय बोलली?"

"नजर हलवायची नाही, असं बोलली," तो मुसळाकडे बघतच म्हणाला.

घरी आल्यावर आईने मसाला चाळून भरायला घेतला. दरवर्षी एकच मोठा पत्र्याचा डबा असतो. यंदा त्याच्या बाजूला एक लहान स्टीलचा होता, घासून लख्ख केलेला. तिने दोन्ही दाबून भरले आणि दोन्हींवर हिंगाचे खडे ठेवले.

"हा लहान कोणाचा?" मी विचारलं.

"माझा."

बाबांनी पेपर खाली केला.

"सावंतवाडीला मुलींचं वसतिगृह आहे," आई झाकण लावत म्हणाली. "तिथली खानावळ चालवायला बाई हवीय. राहायला खोली आहे. जूनपासून जाते."

"विचारलं नाहीस," बाबा म्हणाले.

"अहो, तुम्ही मोर्चाला जाताना कधी विचारलंत? डबा मागितलात."

बाबांनी पेपर पुन्हा वर धरला. माझं डोकंच फिरलं होतं. "म्हणजे तुझ्या जागी याला जुंपून चाललीस? बाईऐवजी मुलगा, एवढाच फरक. बाबा आहेत तिथेच पेपर वाचत बसणार. याला मुक्ती म्हणत नाहीत, आई, बदली म्हणतात."

"बघ, म्हणून तुला नाही शिकवलं. चौथ्या दिवशी पत्रक काढलं असतंस."

भाऊ हसला. आई नाही हसली. "बाय, तुला शिकवलं असतं तर घर तुझ्यावर पडलं असतं आणि कोणाला काही खुपलंही नसतं. पोरगी करतेय, करू दे. याच्यावर पडलं तर चाळ बघेल. हे बघतील. तूही बघतेयस ना? माझं बावीस वर्षं कुठे बघितलंस?"

मी फक्त विचारलं, "परत येशील?"

"हा मोठा डबा तळाला लागला की येईन. वर्षाचा मसाला कोण करणार?"

ती जूनमध्ये गेली. पहिल्याच रविवारी भावाने बांगडे आणले आणि पिशवी बाबांच्या मांडीवर ठेवली. "उद्या सरांची गणिताची चाचणी आहे. तुम्ही साफ करा. ताई खोबरं वाटेल."

"मला येत नाही रे," बाबा म्हणाले.

"मलाही येत नव्हतं. कल्ले उघडा. सुरी नको, नखाने. नजर हलवू नका."

बाबा मोरीत बसले. त्यांना गुडघे दुमडायला बराच वेळ लागला. मी पाट्यावर खोबरं घेतलं आणि आईचं शेवटचं वाक्य पुन्हा मनात तपासलं, बाबांचा मसुदा तपासते तसं. वर्षाचा मसाला कोण करणार, म्हणाली. पण यंदा तो भावाने केला होता. प्रमाण, भाजणं, डंखावर बसणं, सगळं. तिला परत यावं लागेल असं त्यातलंही काही तिने स्वतःकडे ठेवलं नव्हतं.

तेव्हापासून माझी स्वयंपाकाची पाळी असली की मी आमटीत मसाल्याचा एक चमचा जास्त घालते. डबा तळाला लवकर लागावा म्हणून. भाऊ पहिला घास घेतो, माझ्याकडे बघतो, पाण्याचा तांब्या जवळ ओढतो आणि पुढचा घास घेतो.