सुजाताच्या प्लेटा

सुजाता मेली.

'गेली' म्हणावंसं वाटतं, पण ती म्हणू द्यायची नाही. तिचे प्रयोगातले जिवाणू मेले की सरळ सांगायची, "मेले रे." मी एकदा "गेले का गं?" असं विचारलं, तर म्हणाली, "व्हय, एसटीनं गेले. मेले म्हण की!"

आज वर्ष झालं.

साधा ताप म्हणून अंगावर काढला. डेंग्यू निघाला. पुण्याला हलवेपर्यंत उशीर झाला होता.

इथं तिला न ओळखणारे बरेच आहेत, म्हणून सांगतो.

सुजाता मांडवगण फराट्याची. मायक्रोबायोलॉजीत पीएचडी करत होती. उसाला पाणी पाजून पाजून जमीन पांढरी पडते, मीठ वर येतं, तिला क्षारपड म्हणतात. तिच्या मामांच्या रानात असा एक तुकडा होता. तिथल्या मातीत तिला एक जिवाणू सापडला. तो बियाण्याला लावला की त्या मिठातसुद्धा कोंब फुटायचा.

त्याचं नाव-गाव अजून ठरायचं होतं. पण ती त्याच्याबद्दल बोलायची ते घरात बाळ आल्यासारखं.

आम्ही चौघं. सगळे शिरूर-दौंडकडचे, सगळे पीएचडीत गळ्यापर्यंत रुतलेले. रविवारी पाटसला, हायवेच्या कडेला चहाच्या टपरीवर भेटायचो.

नियम एकच. ज्याची पाळी, त्यानं आपला रिसर्च घरच्या भाषेत सांगायचा. जड इंग्रजी शब्दामागं लपला की सगळ्यांचा चहा त्याच्याकडं.

मी रांजणगावात नोकरी सांभाळून, बेरिंग फुटायच्या आधी मशीन कसं थरथरतं त्यावर काम करतो. दौंडचा वसीम साखर कारखान्यातल्या चिपाडाच्या राखेपासून विटा करतो. कीर्ती विझलेल्या ताऱ्यांकडून येणारे रेडिओ सिग्नल मोजते.

एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. तरी आम्ही तासन् तास भांडायचो.

कीर्तीची तर सुजाता पाठच सोडायची नाही.

"तुझ्या मेलेल्या ताऱ्याला एवढा मोठा अँटेना. आन् माझ्या जित्या जिवांना एक धड फ्रीज न्हाई!"

खरं होतं ते. कॉलेजचा फ्रीज बंद पडलेला. दुरुस्ती आज होईल, उद्या होईल. शेवटी तिनं प्लेटा घरी नेल्या. काचेच्या, झाकणाच्या, छोट्या बशीएवढ्या. घरच्या फ्रीजमध्ये, दूध आणि कोथिंबिरीच्या शेजारी. मधूनमधून त्यातले जिवाणू नव्या प्लेटवर हलवायचे, नाहीतर उपासमारीनं मरतात.

तिची आई, आमच्या काकू, वैतागायच्या. "लोकांच्या फिरीजात लोनी आसतं. आमच्यात किडं."

आणि मग तो ताप.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आम्हा बौद्धांत मृत्यूनंतर होणाऱ्या वंदनेच्या, आदल्या दिवशी आम्ही तिघं मांडवगणला गेलो. तिचे गाइड फोनवर म्हणाले होते, "तेवढ्या प्लेटा आणा, तिचं काम मी मरू देणार नाही." रस्ताभर आम्हाला तेवढाच एक आधार होता. निदान ते तरी राहील.

घर माणसांनी भरलेलं. फोटोसमोर मेणबत्ती. पाणी झालं, रडणं झालं, मग कीर्तीनं हळूच विचारलं, "काकू, फ्रीजमधल्या प्लेटा?"

काकूंनी भांड्यांच्या रॅककडं बोट केलं.

प्लेटा होत्या. ओळीनं पालथ्या घातलेल्या. लख्ख.

"तिला तापात काय जमलं न्हाई गं," काकू म्हणाल्या. "बुरशी धरल्यावानी झालं व्हतं समदं. उद्या तिचं सर यायचं, कालेजातल्या मॅडम यायच्या. म्हनतील, पोरगी घान ठिवत व्हती. म्हनून सोडा टाकून, उकळत्या पान्यानं घासल्या. येक बी फुटू दिली न्हाई."

लेकीची अब्रू राखली होती त्यांनी.

वसीमनं तोंड फिरवलं.

काकूंना आमच्या चेहऱ्यावरून कळलं. "काय चुकलं का रं बाळा?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. जीभ रेटेना. सांगितलं, की ते जिवाणू तेवढ्याच प्लेटांत होते, सगळे मेले.

काकू माझा हात धरून म्हणाल्या, "आरं पर तुम्ही समदी एवढी शिकल्याली. कुनी विटा करतंय, कुनी आभाळातलं बघतंय, तू मशिनी ऐकतोस. तुमच्यात कुनालाच तिचं काम येत न्हाई?"

नव्हतं येत.

इतके रविवार ऐकलं. हसलो, वाद घातले, समजलं म्हणून माना डोलावल्या. पण हातानं करायची वेळ आली तेव्हा आम्ही तिघं त्या घरात नुसते पाहुणे होतो.

"मामाच्या रानातली माती तर हाय की. तितनंच परत काडा."

मी म्हणालो, "काकू, चिमूटभर मातीत लाखो जीव असतात. त्यातला तिचा कुठला, ते तिलाच ठाऊक होतं. सर प्रयत्न करतील. पण तोच सापडेल असं न्हाई सांगता येत."

काकूंनी एक प्लेट उचलली. पदरानं पुसली. आधीच कोरडी होती.

"म्हंजी डेंगूनं माझी पोरगी नेली, आन् तिचं लेकरू मी मारलं व्हय रं?"

"न्हाई काकू," तिघंही एकदम म्हणालो.

इतक्या जोरात म्हणालो, की बाहेर बसलेली माणसं आत डोकावली.

काकूंचा विश्वास बसला नाही. वर्ष झालं, अजून बसलेला नाही. मी फोन केला की तब्येत सांगतात, पाऊसपाणी सांगतात, आणि ठेवायच्या आधी तेच एक विचारतात.

मी परत "न्हाई" म्हणतो.

सुजाता, जयभीम. तुझ्या आईची समजूत घालता येत नाही गं आम्हाला. तेवढं येऊन तूच सांगायला हवं होतंस.