अक्काचा उतार आणि बाळासोची चंद्री

माझी थोरली बहीण विमला. आख्खी गल्ली तिला अक्का म्हणायची आणि तिच्या तोंडाला घाबरायची. लहानपणी पोलिओनं पाय गेले, तेव्हापासून हातानं फिरवायची तीनचाकी सायकल हेच तिचं वाहन. शिवलेले ब्लाउज पोचवायला ती कसबा बावड्यातून थेट कोल्हापुरात जायची. वाटेत कुणी कीव केली की त्याची धडगत नसायची.

गावाबाहेर मडमेची जुनी बंगली होती. सरकारनं ती लोकांना बघायला खुली केली होती. बाग अक्काला पाठ होती, कारण माळी सिकंदर तिची सायकल गुलाबांच्या वाफ्यांपर्यंत येऊ द्यायचा. पण बंगलीला उंच जोतं आणि पायऱ्या. आत दिवाणखान्यात रंगीत काचांची मोठी खिडकी होती. ती बघायचा अक्कानं ध्यासच घेतला होता. "उचलून नेतो की," असं कुणी म्हटलं की ती भडकायची. "मी काय गुळाची ढेप हाय?"

शेवटी सिकंदरच हट्टाला पेटला. त्र्याहत्तर सालच्या दिवाळीत त्यानं पायऱ्यांवर दगडमाती भरून, वर फरशा बसवून उतार केला. बंगली ज्यांच्या ताब्यात होती त्या सरकारी साहेबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर आजही विचारणं चालूच असतं.

पाडव्याला अक्का नवं पातळ नेसून आली. पण उतार भलताच खडा झाला होता. अर्ध्यातच तिचे हात थकले. तेवढ्यात बाळासो गवळी सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलीवरून फाटकात शिरला.

"माझ्या गाडीमागं दोर बांधा की. वडतो मी!"

ओढलेलं अक्काला चालत होतं. "बैलगाडीबी वडत्यातच की," ती म्हणाली.

पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून मोटारसायकलीमागं पळवतात. बाळासोची म्हैस चंद्री वर्षभर याच आवाजामागं पळायला शिकली होती. ती या वेळी शिंगांना मोरपिसं लावून फाटकाबाहेर उभी होती, आणि हे बाळासोसकट सगळेच विसरले होते. दोर बांधला. बाळासोनं गाडी रेस केली.

पुढं मोटारसायकल, मधे अक्का, मागं चंद्री! सगळी वरात उतारावरून थेट दिवाणखान्यात. मी हसून हसून खाली बसलो. धावत आत गेलो तर खिडकीतला लाल-हिरवा उजेड दोघींच्याही अंगावर पडला होता. अक्का तोंड उघडं टाकून बघत होती. इतकी गप्प ती जन्मात कधी बसली नव्हती. मला नाचावंसं वाटलं.

आणि नेमके साहेब आपल्या पाहुण्यांना बंगली दाखवायला हजर! चंद्रीनं गालिच्यावर शेण टाकून त्यांचं स्वागत केलं.

"आत्ताच्या आत्ता तो उतार फोडा!" साहेब ओरडले. सिकंदरचा चेहरा उतरला.

बाळासोनं दोर सोडला, गाडी खाली नेली, आणि चंद्री शहाण्यासारखी तिच्यामागं उतरली. अक्का मात्र जागची हलेना.

"बाई, तुम्हीही उतरा."

"उतरते की. पण उतार फोडायचाय न्हवं? फोडा. मी हितंच ऱ्हाते."

"माणसं उचलून खाली ठेवतील तुम्हाला."

"हात तर लावून बघा!"

आवाज असा होता की पुढं सरकलेला साहेबांचा शिपाई मागं सरला. पाहुणे खुदूखुदू हसायला लागले. साहेबांनी सिकंदरकडं बघितलं. सिकंदर लांबच्या गुलाबांकडं बघत होता.

"राहू दे तो उतार," साहेब शेवटी पुटपुटले.

अक्कानं तिथंच सायकल वळवली. "सिकंदर, उतार जरा लांबवा की, म्हंजी इतका खडा लागायचा न्हाय. उद्या परत येते. आज म्हशीनं धड बघू दिलं न्हाय."