झोपलेल्या देवळीचे फोटो

देवळीच्या बसस्टँडसमोर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. बाई मोबाइल दुरुस्त करते म्हणून पहिली दोन वर्षं लोक फोन दाखवायला कमी आणि मला पाहायला जास्त यायचे. आता मुकाट्यानं फोनच घेऊन येतात. या धंद्यात मी एक नियम पाळते. लोकांचे फोटो डोळ्यांसमोरून जातात, ते जाऊ द्यायचे, पाहत बसायचं नाही. हा नियम मी एकदाच मोडला, नानाजी झाड्यांसाठी.

नानाजींचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान माझ्या अगदी समोर, आणि दुकानामागेच घर. मुलगी वल्लरी पुण्याला नोकरीत, इथे दोघंच, नानाजी आणि त्यांची बायको प्रमिलाबाई. पण गावात नानाजींची ओळख भांड्यांवरून नव्हती. ते झोपत नाहीत, ही त्यांची ओळख. पन्नाशीनंतर त्यांची झोप जी गेली ती गेलीच. वर्ध्याचे डॉक्टर झाले, नागपूरचे झाले, कुणी तळपायाला काशाच्या वाटीनं तूप चोळायला सांगितलं, तेही झालं. मग त्यांनी नाद सोडला. "मले झोप नाई" हे ते इतक्या शांतपणे सांगायचे, जसं कुणी आपलं आडनाव सांगावं. गावानंही त्याचा फायदा घेतला. पहाटेची बस पकडायची असली की लोक गजर लावत नसत, नानाजींना सांगून ठेवत. बरोबर वेळेवर त्यांचा फोन यायचा, "ऊठ गा."

उन्हाळ्यात दुपारचा एक वाजला की देवळी हळूहळू बुडायला लागते. आधी रस्त्यावरचे आवाज जातात. मग कुत्री नालीत उतरतात. कूलरची घरघर सगळ्या गल्ल्यांमधून एकच होऊन वाहते आणि तिच्यात माणसं एकेक करून विरघळतात. उन्हात गाव पांढरं पडतं, भिंतींच्या कडाही नीट दिसत नाहीत. अशा वेळी नानाजी डोक्याला दुपट्टा गुंडाळून, हातात फोन घेऊन निघायचे. झोपलेल्या माणसांचे फोटो काढायला.

न्हावी आपल्याच खुर्चीत, गळ्यात गिऱ्हाइकाचं कापड. मालवाहू ऑटोत दोन्ही पाय बाहेर काढून पडलेला चालक. सरकीच्या पोत्यांवर उताणा झालेला हमाल, त्याच्या पोटावर एक चिमणीचं पीस. दहा वर्षांपासून एकमेकांशी न बोलणारे दोघे भाऊ, समोरासमोरच्या दुकानांत, तोंडं अगदी सारखीच उघडी टाकून. जाग आल्यावर नानाजी फोटो दाखवायचे. कुणी नको म्हटलं की तिथंच पुसून टाकायचे, पण नको फार कमी लोक म्हणत. स्वतःचा झोपेतला चेहरा कुणी पाहिलेलाच नसतो. माणूस आधी हसायचा आणि मग फोन हातात घेऊन पुन्हा पाहायचा. बायकांचे फोटो नानाजी काढत नसत. ते योग्यच, तरी माझा कधी काढला नाही याचं मला एकदा वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

हे कशासाठी करता, असं मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "दुसऱ्याची झोप पाह्यली का मले बी थोडीशी भेटते. हेच माहं झोपनं समज."

आठ वर्षांत असे चार हजारांवर फोटो झाले. आणि यंदाच्या मे महिन्यात तो फोन फुगला. आतली बॅटरी सुजली, मागचं झाकण उचललं गेलं. मी सांगितलं, नानाजी, हा आज आहे, उद्या नाही, फोटो आधी दुसरीकडे हलवा. त्यांचा चेहरा एकदम उतरला. जवळ असलेली तेवढी झोपही आता जाणार, असंच त्यांना वाटलं असणार.

हलवायचे कुठे, हाही प्रश्न नव्हता. वल्लरीनं आपला जुना आयफोन दोन वर्षांपूर्वी आईला दिला होता. जागा भरपूर होती. अडचण एवढीच की नानाजींचा फोन अँड्रॉइडचा, आणि या दोन घरांत सोयरीक नाही. नानाजींनी घरी ब्लूटूथ लावून पाहिलं. फोन एकमेकांना ओळखच देईनात. मग मला न विचारता त्यांनी दहा फोटो बायकोच्या व्हॉट्सॅपवर पाठवले. ते गेले, पण धुरकट होऊन गेले आणि सगळ्यांवर तारीख त्याच दिवसाची पडली. नानाजी माझ्याकडे येऊन हताश बसले. कोण कधी झोपला हेच गेलं, तर उरलं काय, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, घाबरू नका. वायर लावून आधी लॅपटॉपवर घेऊ, तिथून आयफोनमध्ये टाकू, तारखा जशाच्या तशा राहतील. फक्त काकूंचा फोन आणा.

आणि प्रमिलाबाई फोन देईनात.

कारण सांगेनात, भांडेनात, नुसतं "आज नको" म्हणत. असे तीन दिवस गेले. नानाजींना राग आला. तुझ्या फोनात काय सोनं ठेवलं आहे, असं ते भर दुकानात बोलले. मलाही बाई हट्टीच वाटली. तशी ती गावात जरा विचित्रच समजली जायची. दुपारी तिच्याकडे भांडं घ्यायला गेलं की काउंटरवर गोणपाट अंथरलेलं असायचं. ताटं काचेची असल्यासारखी एकेक उचलून त्यावर ठेवायची, झाकण डब्याला कधी लागू द्यायची नाही, आणि भावही बोटांनी सांगायची. चरा पडू नये म्हणून बाई जीव टाकते, असं लोक हसून म्हणायचे. मीही हसले आहे.

चौथ्या दिवशी नानाजींचा फोन बंदच पडला. मी दुसरी बॅटरी कशीबशी जोडून तो जिवंत केला आणि निरोप धाडला की आता नाही तर कधीच नाही. तेव्हा प्रमिलाबाई स्वतः रस्ता ओलांडून आल्या. फोन माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या की यात काही दिसलं तर यांना सांगू नको. मी म्हटलं, काकू, दाखवायचं नसेल तर पुसून टाका, एका मिनिटाचं काम आहे.

"तीन दिवस तेच करून राह्यली," त्या म्हणाल्या. "माह्याच्यानं पुसवत नाई."

मी वायर लावली. दुपारचा दीड वाजला होता, बाहेर देवळी बुडत होती. पडद्यावरून माणसं सरकू लागली. न्हावी, हमाल, ऑटोवाला, दोघे भाऊ, दरवर्षी थोडे म्हातारे होत, दरवर्षी तितकेच गाढ. चार हजार झोपा एका वायरीतून चालल्या होत्या. मला वाटतं त्या तासाभरात माझाही डोळा लागला असावा.

काम झालं तेव्हा नानाजी येऊन बसलेले होते. प्रमिलाबाई दाराशी उभ्या होत्या, आत येत नव्हत्या. त्यांनी अडवलं नाही, म्हणून मी फोन नानाजींच्या हातात दिला. त्यांनी आधी तारखा पाहिल्या आणि त्यांना हायसं वाटलं. मग ते अलीकडच्या वर्षांत आले, बोटानं एकेक फोटो सारत. मध्येच थांबले.

"हा कोन व्हय?" त्यांनी विचारलं. "आपल्याच दुकानात बसून हाय."

मी वाकून पाहिलं. नियम मोडला तो तेव्हा. तारखेप्रमाणे लागलेल्या त्या फोटोंमध्ये, न्हाव्याच्या आणि हमालाच्या मधोमध, प्रमिलाबाईंनी काढलेला एक फोटो येऊन बसला होता. भांड्यांच्या मांडणीला टेकलेला एक माणूस, मान एका खांद्यावर, ओठ किंचित उघडे, छातीवर उपडा पडलेला फोन.

"तुमी," दारातून उत्तर आलं.

नानाजी हसले. डोळे मिटून बसलो असेन म्हणाले. प्रमिलाबाईंनी सांगितलं की घोरत होते. नानाजींनी पुढचा फोटो पाहिला. तीच मांडणी, दुसरा शर्ट. पुढे पुन्हा एक, कूलरच्या वाऱ्यानं केस उडालेले. असे दोन वर्षांत दोनशेच्या वर निघाले. फेरी मारून आले की ते मांडणीच्या आड, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा खुर्चीत बसून दिवसाचे फोटो पाहत, आणि पाहता पाहता त्यांची मान कलायची. जाग आली की पुन्हा फोटोच समोर. मधला पाऊण तास कुठे गेला हे त्यांना कधी कळलंच नाही. म्हणून ते गोणपाट होतं, म्हणून बोटांनी सांगितलेले भाव. आयफोन येण्याच्या कितीतरी आधीपासून ही बाई दररोज दुपारी आवाज न करता स्टील विकत होती, आणि आम्ही तिला हसत होतो. मला माझीच लाज वाटली.

"काऊन सांगतलं नाई?" नानाजींचा आवाज बारीक झाला होता.

"सांगतलं असतं तं उद्यापासून जागेच बसले असते तुमी," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तेवढीच तं झोप होती."

मग त्यांनी सांगितलं की पहिला फोटो त्यांनी पुरावा म्हणून काढला होता, दाखवावा म्हणून. पण झोपेत यांचा चेहरा लग्नाच्या वेळी होता तसा होतो, हे त्या फोटोत दिसलं आणि दाखवायचं राहून गेलं. हे त्या रस्त्याकडे पाहत बोलल्या. नानाजी फोटो पाहत राहिले. आपल्याला झोप आहे, याचा त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आनंद तेवढा नव्हता. ते कसला तरी हिशेब लावत होते. प्रत्येक फोटो काढायला कुणीतरी जागं होतं.

"अन् तू?" फोन खाली ठेवून त्यांनी विचारलं. "तू कवा झोपतं?"

दुकान कुणी पाहायचं मग, असं काहीतरी पुटपुटून प्रमिलाबाई रस्ता ओलांडून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला मी चहाची गाळणी घ्यायला समोर गेले. गल्ल्यावर नानाजी बसले होते, ताठ, टक्क जागे. आतल्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं आणि खाटेवर प्रमिलाबाईंचे दोन तळवे दिसत होते, भेगा पडलेले, एकमेकांवर सैल पडलेले. मी गाळणीकडे बोट केलं. नानाजींनी मांडणीकडे पाहिलं, आतल्या दाराकडे पाहिलं आणि मान हलवली.

"चार वाजता येजो," ते कुजबुजले.