गवतावर राहिलेला जीव

खरं सांगते, त्या दिवसांत माझी श्रद्धा पार हलली होती. इथं लंडनला, क्रॉयडनमध्ये घराजवळच्या पार्कात एक मोठा कुत्रा आमच्या चार वर्षांच्या सईच्या अंगावर धावून आला. चावला नाही, पण पोरगी गवतावर पडली आणि तेव्हापासून तिची वाचाच बसली. जीपी, म्हणजे इथले नेहमीचे डॉक्टर, म्हणाले, इजा काही नाही, धीर धरा. धीर आणू कुठून? गावच्या यमाईला नवसावर नवस बोलत होते, मंगळवार धरला, शुक्रवारही धरला. कामावर हातात फडका असायचा आणि जीव घरी, तिच्या ओठांपाशी.

माझ्याबरोबर ऑफिसं साफ करायला तेओफिलाताई आहेत. पेरू देशातल्या उंच डोंगरी जिल्ह्यातल्या. तिथं झाड म्हणून उगवत नाही, बटाटे थंडीत गोठवून वाळवतात आणि घरोघरी क्वेचुआ बोलतात. शाळा त्यांनीही माझ्यासारखी अर्ध्यातच सोडलेली. दोघींचं इंग्रजी मोडकं, म्हणून आमचं जमतं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "पोरीचा जीव ती पडली तिथंच राहिलाय. आमच्याकडे असं झालं की आई जाऊन घेऊन येते."

शनिवारी आम्ही तिघी पार्कात गेलो. ताईंनी सईचा स्वेटर त्या गवतावरून फिरवला आणि माझ्या हातात दिला. "आता घरापर्यंत हाका मारत जा. पोर माझ्याजवळ. उंबऱ्यापर्यंत मागं बघायचं नाही."

"तुम्हीच मारा ना, ताई. तुम्हाला येतं."

"माझी क्वेचुआ तिला काय कळणार? आई तू का मी?"

या देशात मी बसमध्ये फोनवरसुद्धा दबूनच बोलते. पहिली हाक घशातच विरली.

"कोंबडीला बोलावतेस काय?" मागून ताई.

मग मी ओरडलेच. "सई, चल गं बाय, घरी चल!" माणसं थांबून बघत होती. ट्रामचे रूळ ओलांडताना मान सारखी मागं ओढत होती. हात धरला असेल ना पोरीचा? हाका मारून मारून आवाज बसला. आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी मागून बारीक आवाज आला, "आई, ओरडू नको ना. मी इथंच आहे."

मी वळणारच होते. "चाल," ताई म्हणाल्या. डोळे गळत होते तरी चालत राहिले, आणि दारात पोचल्यावरच वळले.

डॉक्टर म्हणतात, कधीतरी बोललीच असती. असेलही. मी वाद घालत नाही, ताईंच्या पाया पडले, त्यांना ते आवडलं नाही तरी. आजवर मी यमाईला काय कर, कसं कर, सगळं सांगत आले होते. त्या दिवशी लेक मागं, दुसऱ्या बाईच्या हातात, आणि मला फक्त पुढं चालायचं होतं. तेवढं यमाईनं माझ्याकडून करून घेतलं.